लोणारला जायचं, पण यादी हजेरीपटावरून करायची

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सत्कार झाले, शाली झाल्या, नारळ झाले. आता संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे उन्हाळ्यातली सहल. खरं तर ह्या विषयावर गेले तीन महिने आपल्या ग्रुपवर इतकी चर्चा झाली आहे की आता भाषणाची गरज नाही, निर्णयाची आहे. पण माइक हातात आलाच आहे तर थोडं बोलून घेते. सरांसमोर उभं राहून बोलायला अजूनही पाय कापतात, हे आधीच सांगते.

आपली १९८७ ची दहावीची बॅच. आपण शाळेत होतो तेव्हा कनेरगाव नाका परभणी जिल्ह्यात होतं. पत्त्यात 'जि. परभणी' लिहायचो. हिंगोली जिल्हा झाला १ मे १९९९ ला. पलीकडचं वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं. आपल्या वर्गात पैनगंगेच्या ह्या बाजूची पोरं होती तशी त्या बाजूचीही होती. मराठवाडा आणि विदर्भ एकाच बाकावर बसायचे आणि पावसाळ्यात नदीला पूर आला की अर्धा विदर्भ गैरहजर असायचा.

तर सहल. एकदिवसीय, उन्हाळ्यात, पाण्याच्या ठिकाणी, एवढ्यावर सगळ्यांचं एकमत आहे. उन्हाळाच का, असं पुण्याच्या मंडळींनी विचारलं होतं. त्याचं उत्तर इथं बसलेल्या शेतकरी मित्रांना विचारा. जानेवारीपासून हळदीची काढणी, मग शिजवणी, वाळवणी, ढोल, मग मोंढा. एप्रिल संपेपर्यंत त्यांना मान वर करायला वेळ नसतो. जूनमध्ये पाऊस पडला की सोयाबीनची पेरणी. मधे उरतो तो मे महिना. नातवंडांच्या शाळांना सुट्टी तेव्हाच, आणि मुंबई-पुणे-संभाजीनगरचे लोक गावाकडे येतात तेही तेव्हाच. त्यामुळे ऊन कितीही असलं तरी आपल्याला मे महिनाच जमतो.

ठिकाणं चार निघाली. पहिलं इसापूर. आपलीच पैनगंगा पुढं जाऊन तिथं अडवली आहे, त्यामुळे आपल्या नदीचं पाणी साठलेलं बघायला जायचं, ही कल्पना मला मनापासून आवडली होती. दुसरं येलदरी, तिसरं सिद्धेश्वर, म्हणजे पूर्णेवरची दोन धरणं. सिद्धेश्वरसोबत औंढ्याचं दर्शनही होतं, असं काहीजणांचं म्हणणं. चौथं लोणार.

धरणांबद्दल माझं मत स्पष्ट आहे आणि ते काहींना आवडणार नाही. मे महिन्यात धरणाचं पाणी खाली गेलेलं असतं. काठ म्हणजे भेगाळलेली माती आणि पाण्याजवळ गुडघाभर गाळ. सावली नाही. आणि आपल्या वर्गातल्या पुरुषमंडळींना मी ओळखते. तुम्ही विहिरीत मुटके मारून पोहायला शिकलेले लोक. पाणी दिसलं की पन्नाशी ओलांडलेला माणूस पंधरा वर्षांचा होतो, छाती मात्र पन्नाशीचीच राहते. वरून शांत दिसणाऱ्या पाण्याखाली गाळ किती, खड्डा कुठं, हे कुणालाच कळत नाही. दर उन्हाळ्यात पेपरात बातम्या येतात, बुडणाऱ्यांत पट्टीचे पोहणारेही असतात. मी पंचवीस वर्षं उपकेंद्रात आरोग्यसेविका म्हणून काम केलं आहे. अशा घरी मी गेलेली आहे. म्हणून धरणाला माझा नकार आहे.

लोणारच्या पाण्यात उतरायचा प्रश्नच नाही. ते अभयारण्य आहे, पाणी खारं, वास उग्र, आणि अंगाला लागलं तर बुळबुळीत. पोहायची हौस तिथं आपोआप मरते. माझ्या दृष्टीनं हा त्या सरोवराचा मोठा गुण.

बाकीचे गुण आमच्या विज्ञानाच्या सरांनी तेव्हाच सांगितले होते. सर आज समोर बसलेले आहेत, त्यांच्यासाठी थोडी उजळणी करते आणि दोन गोष्टी नव्या सांगते. लोणारचा खड्डा उल्का पडून झाला. काठापासून काठापर्यंत साधारण १.८ किलोमीटर, आणि काठावरून पाण्यापर्यंत उतार जवळपास १३७ मीटर. आधी पुष्कळ काळ लोकांना तो ज्वालामुखीचा खड्डा वाटायचा, कारण आपला सगळा मुलूखच लाव्हाच्या काळ्या दगडाचा. प्रचंड धक्क्यानंच बनतात असे खनिजांचे पुरावे तिथल्या खडकात सापडले आणि १९७३ मध्ये ते प्रसिद्ध झाले, तेव्हा उल्केवर शिक्कामोर्तब झालं. सरांनी आम्हाला वय शिकवलं होतं पन्नास हजार वर्षं. सर, २०११ मध्ये नव्या पद्धतीनं मोजलेलं वय प्रसिद्ध झालं, ते आहे सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं. तेव्हाच्या परीक्षेत आम्ही पन्नास हजार लिहून गुण मिळवले आहेत, ते आता परत घेऊ नका.

दुसरी गोष्ट. जून २०२० मध्ये, आपण सगळे लॉकडाऊनमध्ये घरात बसलेलो असताना, हे सरोवर गुलाबी झालं. पाणी कमी झालं, खारटपणा वाढला आणि खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव माजले, त्यांचा तो रंग. नंतर पाऊस पडला, रंग गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणारला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत ते आलं. अलीकडे उलटं झालं, पाणी चढून कमळजादेवीच्या देवळापर्यंत आलं. त्यामुळे खाली कुठपर्यंत जाऊ देतात हे निघण्याआधी वनविभागाला विचारावं लागेल. हे काम वाशीमच्या मित्रानं अंगावर घेतलं आहे.

आणि एक गंमत. आपण रिसोडकडून लोणारला जाणार, म्हणजे ढोबळमानानं पैनगंगेच्या उगमाच्या दिशेनं जाणार. पण लोणारच्या सरोवराचा एक थेंबही पैनगंगेला मिळत नाही. चारी बाजूंनी काठ उंच, पाण्याला बाहेर वाट नाही. आत आलेलं पाणी उन्हानंच वर जायचं. क्षार मागं राहतात, म्हणून ते खारं. अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'तही ह्या भागात काच आणि साबणासाठी लागणारं सगळं मिळतं असं नोंदलेलं आहे.

साबणावरून मी मूळ मुद्द्यावर येते.

आपण नववीत असताना, १९८६ च्या सुरुवातीला, शाळेची सहल लोणारला गेली होती. त्या वर्षी हॅलेचा धूमकेतू आला होता, म्हणून सरांनी आकाशातून पडलेल्या दगडाचं ठिकाण दाखवायचं ठरवलं. एसटीची गाडी, माणशी पंचवीस रुपये, डबा घरचा. सोमवारी मुलं परत आली तेव्हा एकानं सलाईनच्या रिकाम्या बाटलीत सरोवराचं पाणी भरून आणलं होतं. ती बाटली वर्गात फिरली. आम्ही मुलींनी हातावर थेंब घेतले, चोळले, खरंच फेस आल्यासारखं झालं. एकीनं वास घेऊन नाक दाबलं. लोणारचं आमचं एवढंच दर्शन.

कारण आमच्या वर्गातल्या अकरा मुलींपैकी एकही त्या सहलीला गेली नव्हती.

शाळेनं अडवलं नव्हतं, हे मी मुद्दाम सांगते. सर आमच्या घरी येऊन वडिलांशी बोलले होते, सोबत बाई आहेत, रात्रीच्या आत परत येऊ, असं सांगितलं होतं. वडिलांनी चहा पाजला, सरांचा मान ठेवला आणि नाही म्हणाले. 'पोरीची जात, उद्या काही झालं तर?' अकरा घरांत थोड्याफार फरकानं हेच वाक्य. मला वडिलांचा राग नाही. त्यांनी दहावीपर्यंत शिकू दिलं आणि पुढे नर्सिंगला पाठवलं, हेच तेव्हा गावात जास्त वाटत होतं. पण लोणार राहिलं ते राहिलंच. इथून साधारण शंभर किलोमीटरवर आहे. माझ्या नोकरीत मी त्याच्याजवळून कितीदा गेले असेन, पण 'थांबू या' म्हणायला कधी जमलं नाही. बाईमाणूस स्वतःसाठी गाडी थांबवत नाही हो.

तीन महिन्यांपूर्वी ग्रुपवर सहलीचं निघालं तेव्हा मी मोजलं. ग्रुपवर आपण अडतीस. त्यात मुली किती? चार. बाकीच्या सात कुठं आहेत? आणि मुलंही सगळी नाहीत. मग लक्षात आलं की आपला ग्रुप दहावी पास झालेल्यांचा आहे. नापास झालेले, आठवीत-नववीत शाळा सुटलेले, ऊसतोडीला गेलेले, लग्न होऊन गेलेल्या, ह्यांना कुणी मुद्दाम वगळलं नाही. त्यांचे नंबर कुणाकडे नव्हते, एवढंच. पण ते आपल्याच वर्गात होते. मधल्या सुट्टीत आपण त्यांच्याच डब्यातली चटणी खाल्ली आहे.

म्हणून माझी पहिली सूचना, आणि बाकी सगळं विसरलात तरी चालेल पण ही ऐका. सहलीची यादी ग्रुपवरून करू नका. आठवीच्या हजेरीपटावरून करा. मुख्याध्यापकांशी बोलणं झालं आहे. जुना हजेरीपट सापडेल असं ते म्हणाले आहेत.

आमच्यातली एक नववीतच लग्न होऊन गेली. नदीपलीकडच्या गावात आहे. नाव सांगत नाही, तिला आवडणार नाही. हुशार होती, गणितात माझ्या पुढं. मागच्या महिन्यात मी तिच्या घरी जाऊन आले. रोजमजुरी करते. नातवंडं आहेत. तिला ह्या मेळाव्याचं बोलावणं दिलं तर म्हणाली, 'मी कुठं शिकले? मी तर नववीतच सोडली, मला कोण ओळखणार?' मी म्हटलं, सहलीला तरी ये. तेव्हा ती हसली आणि विचारलं, 'अजून पंचवीस रुपयेच आहेत का?' तिला तो आकडा आठवत होता.

ती आज आलेली नाही. मेमध्ये यावी यासाठी काय काय करावं लागेल, ते आता सांगते.

पैसे. एसटी आपण प्रासंगिक करारावर घ्यायची. तिकिटावर महिलांना जी अर्धी सवलत आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना जो मोफत प्रवास आहे, तो नेहमीच्या गाडीत. कराराच्या गाडीचं भाडं एकरकमी भरावं लागतं. नेहमीच्या गाडीनं जायचं तर वाशीम, रिसोड असं बदलत जावं लागेल, आणि ऐंशीच्या घरातल्या गुरुजींना मे महिन्यात बसस्टँडवर उभं करणं मला पटत नाही. तेव्हा करारच. खर्च किती आला ते कोषाध्यक्ष सांगतील. पण तो माणशी वाटायचा नाही. एक डबा ठेवू, ज्यानं त्यानं आपल्या ऐपतीनं टाकावं, कुणी किती टाकले ते लिहायचं नाही. जी बाई एक दिवस येते तिची त्या दिवसाची मजुरी बुडते, तिची वर्गणी तिथंच भरली गेली. पुणेकरांनो, तुमच्याकडे बघूनच बोलते आहे.

तारीख. १७ मे २०२६, रविवार. ही मी पंचांग बघून काढली आहे. त्या दिवशी अधिक ज्येष्ठ लागतो. धोंड्याच्या महिन्यात लग्नं नाहीत, म्हणजे 'त्या दिवशी चुलतभावाच्या पोरीचं लग्न आहे' हे कुणाला म्हणता येणार नाही. गाडी मिळेल आणि दुपारी टेकायला कार्यालयही रिकामं मिळेल. जावयाला धोंडे-जेवण घालायला पुढे अख्खा महिना आहे, पहिल्याच दिवशी जावई बोलावू नका. शिवाय लोणारच्या दैत्यसूदन मंदिरात मेच्या मध्यावर काही दिवस, सकाळी अकराच्या पुढं, सूर्याची किरणं गाभाऱ्यातल्या मूर्तीवर येतात. तारखेत एखादा दिवस इकडेतिकडे झाला तर किरण हुकतील, मंदिर काही हुकत नाही. लवणासुराला मारणाऱ्या विष्णूचं ते देऊळ. नुसतं बाहेरून कोरीवकाम बघायलाच अर्धा तास लागतो.

वेळ. पहाटे चारला नाक्यावरून गाडी सुटेल. चार म्हणजे चार. साडेसहा-सातला लोणार. ज्यांना खाली उतरायचं त्यांनी लगेच उतरायचं आणि दहाच्या आत वर यायचं. खाली उतरणं सोपं आहे, चढणं म्हणजे चाळीसेक मजल्यांची इमारत चढण्यासारखं आहे, आणि त्या खड्ड्यात दहानंतर वारा नसतो. खाली प्यायचं पाणी नाही. गुडघे दुखणारे, बीपी-शुगरवाले, हृदयाचं ऑपरेशन झालेले, आणि सगळे गुरुजन, ह्यांनी काठावरून बघायचं. काठावरून जे दिसतं तेच खरं लोणार, खाली गेल्यावर नुसती झाडं आणि देवळं दिसतात. मीसुद्धा काठावर थांबणार आहे. चाळीस वर्षं वाट बघून मी गुडघा गमवायला उतरणार नाही. ज्याला उतरायचं त्यानं माझ्याकडून आधी बीपी मोजून घ्यायचं. हे हसण्यावारी नेऊ नका.

काठावरच गोमुखाची धार आहे, बारमाही. अधिक महिन्यात तिथं स्नानाला गर्दी असते, तेव्हा ज्यांना स्नान करायचं त्यांनी दुसरा कपडा आणावा. अकराला मंदिर, साडेबाराला जेवण, चारपर्यंत सावलीत आडवं व्हायचं. बारा ते चार बाहेर कुणी फिरायचं नाही. साडेचारला गाडी निघेल, सातच्या सुमाराला आपण नाक्यावर.

आता बायकांच्या बाबतीतलं. पुरुषांनीही ऐका, तुम्हाला हे ठाऊक नसतं. उन्हाळ्यात प्रवासाला निघालेली बाई पाणी पीत नाही. सकाळपासून ओठ ओले करण्यापुरतं. कारण वाटेत जायची सोय नसते. शुगरवाली असेल, बीपीची पाण्याची गोळी चालू असेल, तर ती गोळीही त्या दिवशी खात नाही. उपकेंद्रात उन्हाळ्यात चक्कर येऊन आलेल्या बायकांना मी पहिला प्रश्न विचारायचे तो हाच, की गावाला गेली होतीस का? उष्माघातात माणूस घामेजतोच असं नाही. अंग तापतं, कधी कातडी कोरडी पडते, असंबद्ध बोलू लागतो. तेव्हा सावली, अंगावर ओलं फडकं, वारा आणि लगेच दवाखाना. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतायचं नाही. पण तिथपर्यंत जायचंच कशाला? सहलीच्या आठ दिवस आधी मी आणि आणखी एक मैत्रीण ह्या रस्त्यानं जाऊन येणार. वाशीम, रिसोड, लोणार, कुठं स्वच्छ सोय आहे, कुठं किल्ली मागावी लागते, ते डोळ्यानं बघून ठरवणार आणि गाडी तिथंच थांबणार. ती सोय नक्की झाली की मगच मी बायकांना सांगेन की भरपूर पाणी प्या. नुसतं सांगून कुणी पीत नाही.

जेवण घरचंच. धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी, ठेचा, कांदा. धपाटे दिवसभर टिकतात, भाजी टिकत नाही. कैरीचं पन्हं आणि ताक मोठ्या कॅनमध्ये, पाण्याचे जार सहा. पत्रावळी पानांच्या आणा, थर्माकोलच्या नकोत, आणि जे नेऊ ते सगळं परत आणायचं. आणि तिथला दगड, माती, पाणी काहीही उचलायचं नाही. सलाईनच्या बाटलीवाला इथंच बसला आहे, तो मान हलवतो आहे.

राहिली घरची परवानगी. हसू नका. आमच्यातल्या चौघींपैकी तिघी मला म्हणाल्या, 'घरी विचारून सांगते.' पंचावन्न वर्षांच्या बायका. तेव्हा वडिलांना विचारत होतो, आता मुलाला, सुनेला. सासू अंथरुणाला खिळलेली, नवऱ्याला गरम भाकरी लागते, नातू आजीशिवाय झोपत नाही. ही सगळी खरी कारणं आहेत, सबबी नाहीत. ह्यावर माझा उपाय असा की सहलीला एकटीनं यायची सक्ती नको. कुणाला सून आणायची आहे, आणा. नात आणायची आहे, आणा. सासूजवळ बसायला एक दिवस नणंद येईल का, ते आतापासून बघा, सहा महिने आहेत. आणि सर, एक विनंती तुम्हाला. ज्या घरी अडचण असेल तिथं तुम्ही एकदा फोन करा. तेव्हा तुमच्या शब्दाला चहा मिळाला होता, परवानगी मिळाली नव्हती. आता ती मुलं कर्ती झाली आहेत, त्यातली अर्धी ह्याच शाळेत शिकलेली आहेत. तुमचा फोन गेला तर नाही म्हणायची त्यांची छाती होणार नाही.

पंगत लागली आहे असं मागून खुणावतायत, तेव्हा थांबते. दाराजवळच्या टेबलावर दोनशे पानी वही ठेवली आहे. पहिल्या पानावर तुमचं नाव लिहू नका, तुमचा नंबर आमच्याकडे आहे. तुम्हाला आठवतात त्या वर्गातल्या, पण आज इथं नसलेल्या मुला-मुलींची नावं लिहा. मुलींची माहेरची आणि सासरची दोन्ही नावं, गाव कोणतं, तिथं कुणाला विचारलं तर घर सापडेल, एवढं लिहा. अकरापैकी पाच जणींचा पत्ता अजून लागायचा आहे. त्यातली एक सेनगावकडे दिली होती असं कुणीतरी म्हणालं होतं. कुणाला नक्की माहीत असेल तर जेवायला बसायच्या आधी मला येऊन सांगा.